शेवटच्या क्वार्टरची समीक्षा

खेळाविषयी लिहिण्याचा तुम्हांला अधिकार कोणता, असे वाचकाने पहिल्याच ओळीला विचारले तर आमच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही. आम्ही दोघे वर्धा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे म्हणून 'आम्ही'. त्यात संपादकीय थाट नाही. दोघांचीही चाळिशी उलटली आहे, दोघांनीही एम. ए.ला साहित्यशास्त्राचा पेपर आवडीने घेतला होता, आणि दोघांपैकी एकानेही बास्केटबॉल कधी हातात धरलेला नाही. तरीही आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाचे आम्ही २०२२ पासूनचे निष्ठावंत चाहते आहोत. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली सिमेंटचा एक बाक आहे. दुपारी चारनंतर आम्हांला शोधायचे असेल तर तिथे यावे लागते, हे आता शिपायालाही ठाऊक झाले आहे.

चाहता आणि समीक्षक हे दोन प्राणी एकाच देहात नांदू लागले की काय होते, ते इथे सांगायचे आहे. आमचा संघ हंगामाच्या उत्तरार्धात हरू लागे आणि आम्ही त्याची कारणे शोधू लागत असू. ही कारणे शोधण्याची आमची रीत वर्गात कविता शिकवण्याची जी रीत, तीच होती. ती रीत आधी कुठे कमी पडली आणि नंतर कुठे जास्त झाली, याचा हा जबाब आहे.

आधी संघाविषयी. मैदान सिमेंटचे, उन्हाने ठिकठिकाणी तडकलेले. एका रिंगची जाळी कधीतरी गळून पडली ती पडलीच. संघातल्या बहुतेक मुली देवळी, सेलू आणि हिंगणघाटच्या बाजूच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या. त्यांनी बास्केटबॉल पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच मैदानावर. शाळेत त्या कबड्डी आणि खो-खो खेळलेल्या. त्यामुळे ड्रिबल करताना हात अवघडला तरी पाय कधी अवघडत नसत. उंची कोणालाच फारशी नाही. खो-खोतून आलेली चपळाई हेच त्यांचे भांडवल. समोरच्या संघाला त्याच्याच अर्ध्या मैदानात कोंडायचे, चेंडू हिसकावायचा आणि तीन पासांत रिंगखाली पोचायचे. ऑगस्टअखेर सामने सुरू झाले की हा खेळ पाहून नागपूरकडचे उंचपुरे संघही गोंधळून जात. गणपतीत आमच्या मुली जिंकत, नवरात्रात जिंकत, दसऱ्याला महाविद्यालयात त्यांच्या नावाने पेढे वाटले जात.

दिवाळीनंतर मात्र हाच संघ ओळखू येत नसे. पहिले दोन क्वार्टर बरोबरीचे, तिसऱ्यात कुठेकुठे शिवण उसवलेली, आणि चौथ्यात सगळेच विस्कटलेले. दहा मिनिटांच्या त्या शेवटच्या क्वार्टरची आम्हांला अक्षरशः धास्ती बसली. पास हातभर मागे पडे. फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या काठावर आदळून खाली येई. रिबाउंडसाठी जिथे तिघी झेपावत, तिथे एकच हात वर दिसे. २०२२ मध्ये हे झाले तेव्हा आम्ही अपघात म्हटले. २०२३ मध्ये पुन्हा तेच झाले. २०२४ मध्ये तर संघ जिंकत असतानाच आम्ही घाबरू लागलो होतो. ज्या वाचकाला कादंबरीचा शेवट आधीच कुणी सांगून ठेवला आहे, त्याची पहिल्या प्रकरणात जी अवस्था होते तशी आमची झाली होती.

मग सुरू झाली समीक्षा. आमच्यापैकी एकाचा पिंड रूपवादी. संहितेच्या बाहेर पाऊल टाकायचे नाही, हा त्याचा विद्यार्थिदशेपासूनचा दंडक. त्याने एक दोनशेपानी वही केली. कोणत्या मिनिटाला कोणी कोणाला पास दिला, चेंडू कुठे निसटला, फ्री थ्रो हुकला तर कुठे आदळून हुकला, हे सारे तो त्या वहीत टिपून ठेवी. पहिल्या अर्ध्यात मर्ढेकरांची संवादलय आणि विरोधलय दोन्ही सुखाने नांदतात, चौथ्या क्वार्टरमध्ये समतोल ढळतो, असे तो अर्धवट थट्टेने म्हणे. अर्धवटच, कारण उरलेले अर्धे त्याला खरेच वाटत असे. दुसरीचा कल स्वभावचित्रणाकडे. तिला प्रत्येक खेळाडूत एक पात्र दिसे. पॉइंट गार्ड म्हणून खेळणारी कप्तान सगळे स्वतःवर ओढून घेते, रिंगखाली उभी राहणारी मुलगी भिडस्त आहे, तिसरीला टाळ्या लागतात, असे तिचे विवेचन चाले. (मुलींची नावे इथे देण्याचे कारण नाही. कप्तानाला आम्ही कप्तान एवढेच म्हणू.)

स्टाफरूममध्ये या विषयाला श्रोत्यांची वाण नव्हती. अर्थशास्त्राचे सर, ग्रंथालयातले परिचर, कँटीनचे काका, सगळ्यांपाशी मत होते. मते निरनिराळ्या दिशांनी निघत, पण सगळ्यांची गाडी शेवटी एकाच स्टेशनात थांबे: मानसिकता. मुलींना मोठ्या सामन्याचे दडपण पेलत नाही. वेळ आली की मुली हातपाय गाळतात. अर्थशास्त्राचे सर हे अगदी निर्विकारपणे म्हणत, जणू घटत्या उपयोगितेचा नियम सांगत आहेत. आम्ही त्यांना विरोध केला नाही. खरे सांगायचे तर आम्हीही तेच म्हणत होतो. आमची परिभाषा तेवढी बरी होती.

या मताला आमच्या पिढीपुरता एक मोठा आधार होता. २३ जुलै २०१७, लॉर्ड्स. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंडच्या २२८ धावांचा पाठलाग करताना भारताच्या ३ बाद १९१ धावा झाल्या होत्या. मुंबईची पूनम राऊत ८६ धावांवर बाद झाली आणि पुढे पाहता पाहता संघ २१९ धावांत आटोपला. अठ्ठावीस धावांत सात बळी, आणि हार अवघ्या नऊ धावांनी. संघात नागपूरची मोना मेश्राम होती म्हणून वैदर्भीय अभिमानाने टीव्हीपुढे बसलेले आम्ही त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जो शब्द उच्चारला गेला तो हाच: दडपण.

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचे उदाहरण तर त्यानंतर वर्षानुवर्षे दिले गेले. त्या स्पर्धेत तिच्या पहिल्या दोन डावांत धावा झाल्या ९० आणि नाबाद १०६. पुढच्या सात डावांत २, ८, ४, ३, १३, ६ आणि अंतिम सामन्यात शून्य. आकड्यांची ही रांग पाहिली की कुणालाही गोष्ट रचण्याचा मोह होईल. आम्हीही रचली: लवकर यश मिळाले, कौतुक झाले, अपेक्षांचे ओझे वाढले, पोरगी गडबडली. त्याच वर्षीच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील बिग बॅश स्पर्धेत तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता आणि जेमतेम पाच महिन्यांत ती थेट विश्वचषकात उतरली होती, हे आमच्या गोष्टीत कुठेच नव्हते. गुडघ्यामुळेच धावा आटल्या, असा दावा आम्ही करत नाही. पण गुडघा सोडून थेट मनाकडे जाण्याची आमची घाई मात्र आता डोळ्यांत भरते.

आणखी एक कबुली. त्याच जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बेंगळुरूला भारताच्या महिला बास्केटबॉल संघाने आशिया चषकाच्या 'ब' विभागाचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकला. म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये, दोन गुणांनी. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. लॉर्ड्सच्या पराभवावरून मुलींच्या मनाविषयी सिद्धान्त मांडणाऱ्या आमच्या स्टाफरूमला या विजयाची गंधवार्ताही नव्हती. सिद्धान्ताला अडचणीची ठरणारी संहिता आपण बहुधा वाचलेलीच नसते.

मुलींच्या मनाविषयीचा हा सिद्धान्त बास्केटबॉलइतकाच जुना आहे, हे आम्हांला पुढे वाचनातून कळले. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ शोधला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजातील मुलींना शिकवायला घेतला. मुलींना अतिश्रम होऊ नयेत, त्यांच्या मज्जातंतूंवर ताण पडू नये, म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले. प्रत्येक खेळाडूने आपल्या भागातच राहायचे, रेघ ओलांडायची नाही. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावून घेण्याला बंदी. त्या काळात मुलींना मैदानावर उतरवणे हेच धाडस होते, म्हणून बेरेन्सनबाईंना दोष देणे अन्यायाचे होईल. पण सावधगिरीपोटी आखलेल्या रेघा फार काळ टिकतात. मुलींच्या मैदानाचे भाग पाडण्याची रीत बदलत्या रूपात अमेरिकेतील काही राज्यांच्या शाळांत १९९० च्या दशकापर्यंत चालू होती. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे बास्केटबॉल आले ते १९७६ साली, माँट्रिऑलला. पुरुषांच्या नंतर तब्बल चाळीस वर्षांनी. आमच्या मुली सबंध मैदानभर धावत होत्या, चेंडू हिसकावत होत्या. त्यांच्याविषयी बोलणारे आम्ही मात्र अजून त्या तीन भागांच्या मैदानावर उभे होतो.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. हिवाळी परीक्षेच्या अंतर्गत गुणांसाठी हजेरीपट तपासण्याचे काम आमच्याकडे आले. संघातल्या मुलींच्या नावांपुढे दसऱ्यानंतर गैरहजेरीच्या खुणा वाढत गेलेल्या. खेळाडू आहेत, तास बुडवणारच, असे म्हणून आम्ही पान उलटणार होतो. तेवढ्यात कप्तान सही करायला आली. तिने पेन धरले तेव्हा तिच्या बोटांच्या पेरांवर बारीक बारीक ओरखडे दिसले; काही ताजे, काही काळे पडलेले. आमच्यापैकी एकीचे माहेर शेतकऱ्याचे. तिला हे ओरखडे कशाचे, ते विचारावे लागले नाही. कपाशीचे बोंड उकलले की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके सुईसारखी होतात. कापूस ओढताना ती बोटांना लागतात. लहानपणी सीतादहीचा दहीभात खाऊन आईबरोबर पहिल्या वेचणीला गेलेल्या मुलीच्या बोटांना त्याची आठवण राहते; प्राध्यापक झाल्यावर ती बुजते, एवढेच.

ज्यांना विदर्भाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इथली कपाशी मोठ्या प्रमाणावर पावसाच्या भरवशावर जूनमध्ये पेरली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात आणि वेचणी जानेवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. वेचणी मुख्यतः बायकांची. कमरेला ओटी बांधायची, ओळीने पुढे सरकायचे, दिवसभर अर्धे वाकून. मजुरी किलोमागे मिळते. त्याच महिन्यांत सोयाबीनची कापणी-मळणी आटोपायची असते, त्यामुळे मजूर मिळत नाहीत आणि घरातल्या प्रत्येक हाताची गरज लागते. आमच्या मुली सकाळी कापूस वेचत, दुपारी एस.टी. पकडून सरावाला येत, आणि संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून शेवटची दहा मिनिटे घड्याळाकडे पाहत खेळत. त्या वर्गात नसत पण मैदानावर असत, याचा अर्थ आम्ही इतके दिवस उलटा लावला होता.

रूपवाद्याने त्या रात्री आपली वही पुन्हा उघडली. नोव्हेंबरनंतरचे हुकलेले फ्री थ्रो त्याने मोजले. बहुतेक सगळ्यांपुढे एकच नोंद होती: पुढच्या काठावर. शारीरिक शिक्षणाच्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी एका वाक्यात उत्तर दिले, "फ्री थ्रोची ताकद पायांतून येते, पाय थकले की चेंडू आखूड पडतो." म्हणजे पुरावा आमच्याच हस्ताक्षरात दोन वर्षे पडून होता. बारकाईने वाचूनही आम्हांला तो दिसला नाही, कारण आम्ही मन शोधत होतो आणि वहीत पाय होते.

आम्हांला लाज वाटली ती यासाठी, की हा जिल्हा वर्ध्याचा. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळापासून बाजारात नावाने ओळखला जाई. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यातच शिक्षणपरिषद भरली आणि हाताचे काम हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे हा विचार तिथे मांडला गेला. पुढे नई तालीम म्हणून तो देशभर गेला. दरवर्षी ऑक्टोबरात आम्ही त्यावर व्याख्याने ऐकतो, क्वचित देतोही. ज्या हातांनी सकाळी कापूस वेचला तेच हात दुपारी आमच्यापुढे बास्केटबॉल खेळत होते, आणि त्या हातांकडे पाहण्याचे आम्हांला सुचले नाही.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की लेख संपला: मानसिकतेचा सिद्धान्त खोटा ठरला, संदर्भाने संहितेवर मात केली. आम्हांलाही तसेच वाटले होते. जानेवारी २०२५ मध्ये महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात संघाचा सत्कार होता. आम्हांला बोलण्याची विनंती झाली. आम्ही तयारी करून बोललो. या मुली हरलेल्या नाहीत, त्यांना कापसाने हरवले, एस.टी.च्या वेळापत्रकाने हरवले, रिकाम्या पोटाने हरवले, असे सांगितले. भाषण रंगले. टाळ्या झाल्या. अर्थशास्त्राचे सर येऊन हात मिळवून गेले, पुढच्या रांगेतल्या एक-दोघांनी डोळे पुसले. इतकी दाद आमच्या कोणत्याही शोधनिबंधाला मिळालेली नाही.

दुसऱ्या दिवशी कप्तान बाकापाशी आली. जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, भाषण चांगलं झालं तुमचं. पन आमी कापसामुळं हरलो असं काहून म्हटलं?"

आम्ही तिला आमचा मुद्दा समजावून सांगितला. हजेरीपट, फ्री थ्रो, सगळे. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

"थकलो तं होतोच जी," ती म्हणाली. "पन तो शेवटचा पास मीच चुकीचा देल्ला. ते निळ्या ड्रेसवाली पोरगी मांगून आली, मले दिसलीच नाई. लय चांगली खेळली ते. तुमच्या भाषनात ते पोरगीच नोती."

आम्ही गप्प. ती जाता जाता थांबली. "आन् गणपतीत आमी निंदण करूनच येतो ना सर? तवा जिंकतो तं कोनी म्हनत नाई, निंदणामुळं जिंकल्या म्हनून."

या बोलण्यावर आम्ही दोघांनी नंतर खूप वाद घातला. तिने जे मोडीत काढले ते चुकीचे होते म्हणून नव्हे. वेचणी खरी होती, थकवा खरा होता, आणि निंदणापेक्षा वेचणीचे दिवस जास्त लांबतात हा युक्तिवादही आमच्यापैकी एकीने केला. पण मुद्दा तो नव्हता. ॲरिस्टॉटलची शोकात्मिका आम्ही वीस वर्षे शिकवतो. नायकाच्या हातून प्रमाद घडतो आणि तो त्याचा स्वतःचा असतो, म्हणून त्याच्या पतनाला अर्थ येतो, हे आम्ही फळ्यावर लिहून देतो. हॅमर्शिया हा शब्द परीक्षेत हमखास येतो म्हणून मुलांकडून पाठही करून घेतो. पण आमच्याच विद्यार्थिनीने 'चूक माझी होती' असे म्हटले तेव्हा ती काय मागत होती, ते आम्हांला कळायला उशीर लागला. स्टाफरूमने तिचा पराभव तिच्या बाईपणाला देऊन टाकला होता. आम्ही तो तिच्याकडून काढून घेऊन तिच्या गरिबीला दिला. दोन्ही वेळा खेळ तिच्या हातून गेलाच. आमच्या पहिल्या समीक्षेत ती दुबळी होती, दुसरीत बिचारी. पास देणारी मुलगी या दोहोंत कुठेच नव्हती, आणि तो पास अडवणारी निळ्या ड्रेसवाली तर नव्हतीच नव्हती.

२०२५ च्या ऑक्टोबरात हा धडा पुन्हा गिरवावा लागला. महिलांचा विश्वचषक भारतात भरला होता आणि भारतीय संघ लागोपाठ तीन सामने हरला: ९ तारखेला दक्षिण आफ्रिकेकडून, १२ तारखेला ऑस्ट्रेलियाकडून आणि १९ तारखेला इंदूरला इंग्लंडकडून. या तिसऱ्या सामन्यात २८९ धावांच्या लक्ष्याकडे संघ सुखाने चालला होता. मानधना ८८ धावांवर उंच फटक्याच्या नादात झेल देऊन परतली आणि डाव ६ बाद २८४ वर थांबला. हार चार धावांनी. त्या रात्री आमच्या फोनवर तोच जुना शब्द फिरत होता. लॉर्ड्सची आठवण काढली जात होती. ऐन दिवाळीत दुखवटा.

शुभेच्छांच्या निमित्ताने कप्तानाचा फोन आला. आम्ही काही बोलण्याआधीच ती सामन्यावर घसरली. शेवटच्या षटकांत इंग्लंडने चेंडू किती नेमका टाकला, एकेरी धावा कशा आटल्या, कोणत्या वेळी धोका घ्यायला हवा होता आणि कोणत्या वेळी नको होता, हे तिने दहा मिनिटे सांगितले. दडपण हा शब्द तिने एकदाही वापरला नाही. दोन्ही संघ तिच्या बोलण्यात होते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. न्यूझीलंडला हरवून संघ उपान्त्य फेरीत गेला. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांवर ३३९ चे लक्ष्य गाठले गेले. जायबंदी प्रतिका रावलच्या जागी ऐन वेळी बोलावलेल्या शफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या, दीप्ती शर्माने अर्धशतक करून पाच बळी घेतले, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने पहिल्यांदा हा चषक जिंकला. भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेले अमोल मुजुमदार या संघाचे प्रशिक्षक होते. आठवड्याभरात ऑक्टोबरातल्या तीन पराभवांचा अर्थ बदलला. जे दुबळेपणाचे पुरावे होते ते आता घडणीचे टप्पे ठरले. शेवट कळला की मधली प्रकरणे आपण नव्याने वाचतो. वाचकाचा तो हक्कच आहे. फक्त, पराभवाच्या रात्री आपण किती ठामपणे बोललो होतो, तेही एकदा आठवावे.

या विजयामागे काही बाहेरची कारणेही आहेत, आणि ती सांगायलाच हवीत. २०२२ च्या ऑक्टोबरात स्त्री आणि पुरुष खेळाडूंना सामन्याचे समान मानधन जाहीर झाले. २०२३ पासून महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि मोठ्या गर्दीपुढे शेवटची षटके खेळण्याचा सराव पुष्कळ जणींना मिळाला. पण मानधनाने चषक जिंकला असे कोणी म्हणाले नाही, म्हणू नये. कप्तानाच्या निंदणाचा हिशेब तोच आहे. बाहेरची परिस्थिती जाणून घ्यायची ती आपल्याला काही करता यावे म्हणून. खेळलेला सामना ज्या खेळल्या त्यांचाच ठेवायचा. समीक्षक म्हणून आमचा गोंधळ असा झाला, की करण्याजोगी गोष्ट आम्ही भाषणात खर्च करून टाकली.

म्हणून २०२५ च्या हंगामात आम्ही बोललो कमी. वेळापत्रक समितीपुढे अर्ज घेऊन बसलो आणि संघातल्या मुलींचे मराठीचे तास दुपारी, सरावाला लागून, करून घेतले. आमच्या पगारातून केळी, उकडलेली अंडी आणि फुटाणे यांची सोय केली. अर्थशास्त्राच्या सरांनी न मागता आपला वाटा आणून दिला. तो सिद्धान्तात कुठे बसतो हे त्यांनी सांगितले नाही. मुलींना शेवटच्या गाडीपर्यंत पोचवायला कँटीनच्या काकांची व्हॅन मिळाली. ही कामे लहान आहेत. वेचणी थांबलेली नाही, थांबणारही नाही. घरचा कापूस घरी आलाच पाहिजे.

डिसेंबरात मुली पुन्हा हरल्या. उपान्त्य सामना होता, शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती आणि एका बास्केटने गेला. चौथ्या क्वार्टरमध्ये फ्री थ्रो मात्र आखूड पडत नव्हते; हुकले ते मागच्या काठावरून हुकले. रूपवाद्याने तशी नोंद केली. कारण लिहिण्याचा रकाना त्याने या वर्षी काढून टाकला होता आणि त्या जागी समोरच्या संघाचा रकाना आखला होता.

सामन्यानंतर कप्तान बाकावर येऊन बसली. घामाने चिंब. तिने वही मागितली. शेवटचे पान बोटाने ओळ ओळ वाचत गेली. पेरांवर ओरखडे होतेच. एका नोंदीपाशी थांबली. तिथे रूपवाद्याने लिहिले होते, 'कप्तानाचा पास चुकला.' तिने पेन मागून घेतले, ती ओळ खोडली, आणि शेजारच्या रकान्यात समोरच्या संघातल्या एका मुलीचा जर्सी क्रमांक लिहिला.

"हा चुकला नोता सर," ती म्हणाली. "हा तिनं काढला."